नवऱ्याला ५५ हजारांचा गेम हवाय, मी कंजूष आहे का?

पत्र

नमस्कार दादा,

मी डिचोली तालुक्यातली, लग्नाला तीन वर्षं झाली. नवरा ३१ वर्षांचा, कंपनीत शिफ्ट ड्युटीला, हातात २८ हजार येतात. मी एका खासगी ऑफिसात, मला १७. घराच्या कर्जाचा हप्ता १३,५००. यंदा गणेश चवथीच्या अगोदर त्यांना बोनस मिळणार आहे आणि त्यातून त्यांना प्लेस्टेशन फाईव्ह, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, घ्यायचाय, ५५ हजारांचा. बोनस पुरला नाही तर उरलेले ईएमआयवर. मी नको म्हटलं तर कागद-पेन घेऊन बसले, रोज दोन तास, पाच वर्षं, तासाला १५ रुपये पडतात, सिनेमाला गेलो तर दोघांचे हजार जातात, मग महाग काय ते सांग. मला उत्तर सुचेना पण पटलंही नाही. सासूबाई म्हणतात घेऊ दे गे, दारू पिण्यापेक्षा बरं. माझा भाऊ म्हणतो हे श्रीमंतांचे चाळे. मोबाईलवर ते खेळतातच, तो गेम फुकट आहे म्हणतात, पण बँकेच्या स्टेटमेंटात कधी ७९, कधी १५९, कधी ४४९ असे आकडे दिसतात, ते कसले ते मी विचारलं नाही. आमचा फ्रीज सासऱ्यांच्या काळातला, खालून पाणी गळतं, मला वाटत होतं बोनसमधून तो बदलावा. मी कंजूषपणा करतेय का?

— डिचोलीची एक वाचक

उत्तर

ताई, खरं तर वहिनी म्हणणार होतो, पण वहिनी म्हटलं की मी आपोआप तुमच्या नवऱ्याच्या पार्टीतला होतो, म्हणून ताईच. आणि आधीच सांगून टाकतो, मी स्वतः तीस वर्षं गेम खेळतोय, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यात तुम्ही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

नवऱ्याचं गणित मी करून बघितलं, बरोबर आहे. पाच वर्षांचे दिवस १,८२५, रोज दोन तास म्हणजे ३,६५० तास, ५५ हजारांना भागलं की पंधरा रुपये आणि वर काही पैसे. भागाकारात चूक नाहीच. चूक त्याच्या वरच्या ओळीत आहे, जिथे "रोज दोन तास" असं लिहिलंय. अहो शिफ्ट ड्युटीचा माणूस, नाईटच्या आठवड्यात सकाळी घरी येऊन पंख्याखाली आडवा होतो तो दुपारी शित-कडीलाच उठतो. त्यात हा गोवा. चवथीला पंधरा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं, घुमट आरतीला ह्याच्या घरी त्याच्या घरी, मग नरकासुराची तयारी म्हणजे पोरं रात्र रात्र कागद चिकटवत बसलेली, मग जत्रांचा सीझन, शिगमो, मे महिन्यात लग्नं. ह्या सगळ्यात रोज दोन तास टीव्ही मोकळा आणि माणूस जागा हे जमणं कठीण, आणि टीव्हीवर सासूबाईंची सीरियल असते ती वेगळीच. माझा स्वतःचा अनुभव सांगतो, नवीन कन्सोल, म्हणजे असा गेमचा डबा, घेतल्यावर पहिले दोन महिने माणूस वेड्यासारखा खेळतो, नंतर आठवड्याला चार-पाच तास झाले तरी खूप. आपण पाच धरू. वर्षाला २६०, पाच वर्षांत १,३००.

आता खर्चाची बाजू. त्याने फक्त डब्याची किंमत धरली, आत घालायला काय? कन्सोल म्हणजे गॅसची शेगडी झाली, सिलिंडर आणि तांदूळ वेगळे. नवीन मोठा गेम आला की पाच हजारांच्या आसपास असतो. काही सेलमध्ये घेतले, काही नवे, असं करून वर्षाला चार गेम सरासरी अडीच हजाराने धरले तर दहा हजार, पाच वर्षांत पन्नास. मित्र आला की हातात धरून खेळायचा दुसरा कंट्रोलर लागतो, नवीन घेतला तर सहा हजारांच्या घरात. विकत घेतलेला गेम ऑनलाईन दुसऱ्यांबरोबर खेळायचा तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते, ती वर्षाला चार हजार धरा, पाच वर्षांचे वीस. सगळं मिळून १ लाख ३१ हजार. भागिले १,३००. तासाला शंभर रुपये.

पंधराचे शंभर झाले, आता तुम्ही खूश झाला असाल, पण जरा थांबा, कारण सिनेमाचा हिशोबही तसाच मांडून बघितला पाहिजे ना. डिचोलीहून पणजीला मल्टिप्लेक्सला जायचं, जाऊन-येऊन साठेक किलोमीटरचं पेट्रोल, दोन तिकिटं, पॉपकॉर्न आणि ते पाणीदार कोल्ड्रिंक, अकराशे तरी जातात. तीन तासांचा सिनेमा, दोन माणसं, म्हणजे माणशी तासाला १८० च्या वर. म्हणजे शंभर रुपयांनीसुद्धा गेम स्वस्तच पडला! फक्त एकच प्रश्न त्याला विचारा, आपण वर्षाला सिनेमे किती बघतो? तीन? चार? गेम आला म्हणून ते तीन सिनेमे बंद होणार आहेत का? नाही ना, मग हा खर्च सिनेमाच्या जागी येत नाही, वरून येतो. आणि नुसत्या तासाच्या दरानेच बघायचं असेल तर जत्रेतल्या नाटकाला कोणी हरवू शकत नाही, रात्री अकराला घंटा वाजते ती पहाटे कोंबडा आरवेपर्यंत, तिकीट शून्य, खर्च फक्त चण्यांचा.

सासूबाईंचं दारूचं म्हणणं तर पैशांच्या हिशोबात घेऊच नका, गोव्यात दारूच्या दराशी स्पर्धा करायची तर जगातला कुठलाच गेम टिकणार नाही. भावाला म्हणावं तुझ्या हातातला मोबाईल कितीचा आणि आधीचा कधी बदलला. पंचवीस हजारांचा फोन दर दोन-अडीच वर्षांनी बदलणाऱ्याला कोणी श्रीमंत म्हणत नाही, ती गरज असते म्हणे.

आता खरी गोष्ट, जी तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत आणि मी तिथेच अडकलो. ७९, १५९, ४४९. बेरीज केली, ६८७. हे तीन आकडे जर एका महिन्यातले असतील तर वर्षाला ८,२४४ झाले आणि पाच वर्षांत ४१,२२०, म्हणजे त्या कन्सोलच्या पाऊण किमतीएवढे, आणि हे कशाला, तर "फुकट" गेमला! मला वाटतं हे बंदुकीची रंगीत कव्हरं, कपडे, सीझनचा पास असलं काहीतरी असणार. बीजीएमआयसारखे बंदुकांचे मोबाईल गेम डाऊनलोड करायला खरोखर फुकट असतात आणि एक पैसा न घालता खेळताही येतात, हजारो पोरं खेळतात तशी, पण दुकान गेमच्या आतच मांडलेलं असतं आणि यूपीआयचा पिन टाकला की झालं, ७९ रुपयांत दोन माणसांचा मिसळ-पाव येतो एवढाच विचार मनात येतो. आकडा छोटा म्हणून घरात भांडण होत नाही. ५५ हजारांचा डबा दारातून आत येताना सगळ्या वाड्याला दिसतो, ७९ रुपये कोणाला दिसत नाहीत, तुम्हालाही दिसले ते स्टेटमेंट बघितलं म्हणून.

भांडायला जाऊ नका मात्र. त्याच्याच फोनवर, त्यालाच शेजारी बसवून बघा. प्ले स्टोअर उघडायचं, वर कोपऱ्यात आपला फोटो असतो त्यावर दाबायचं, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, त्यात बजेट अँड हिस्टरी, तिथे आजवरची सगळी यादी तारखेसकट असते. तिथे महिन्याचं बजेटही लावता येतं, पण ते फक्त जवळ आल्यावर सांगतं, पैसे जायचे थांबवत नाही, त्यामुळे त्याच्यावर भरवसा नको. आणि सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, त्यात तो गेम दिवसाला किती वेळ चालला ते दिसतं, म्हणजे खेळायचे खरे तास आयतेच मिळतात. मग त्याचंच कागद-पेन त्याच्याच हातात द्या. मला तर वाटतं तो स्वतःच चाट पडेल, मी पडलो होतो. माझ्या एका वर्षाची बेरीज साडेसहा हजार निघाली होती आणि त्यातलं काय घेतलं ते एकही धड आठवत नव्हतं, एक हिरवी टोपी होती बहुतेक.

तर माझं म्हणणं असं की तुमच्या घरात गेमवर खर्च करायचा की नाही हा प्रश्नच नाहीये, तो चालू झालेला आहे, फक्त तो कुठे करायचा हे ठरवायचंय. आणि एकदा मोबाईलमधले ते पैसे गळायचे नळ बंद झाले की कन्सोलचा विचार करायला माझी हरकत नाही, फक्त नवा नको, ५५ हजारांचा नको, आणि चवथीला तर नकोच.

नवा का नको ते सांगतो. आमच्या लहानपणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टीव्हीला जोडायचे गेम मिळायचे, लाल-पांढरे, सोबत एक प्लास्टिकची बंदूक, पडद्यावरची बदकं मारायला. कॅसेटवर लिहिलेलं असायचं "९९९९ इन वन" आणि आत गेम असायचे सात-आठच, पुन्हा पुन्हा तेच, नावं बदलून. ते लवकर कंटाळवाणं व्हायचं, मग आम्ही काय करायचो, एका दुकानात दहा रुपये देऊन कॅसेट बदलून आणायचो. वर्षभर तेवढ्यावर चालायचं. नवीन कॅसेट विकत घेतलेला मुलगा वर्गात एकच होता, आणि त्याची कॅसेट शेवटी सगळ्या वर्गात फिरायची. आज डिस्क आहे, पण पद्धत तीच चालते, लोक विसरलेत एवढंच.

आणि ह्या धंद्याची एक गंमत आहे, थांबणाऱ्याला सगळं स्वस्तात मिळतं. जीटीए फाईव्ह २०१३ मध्ये आला तेव्हा लोकांनी पूर्ण पैसे भरून घेतला, २०२० च्या मे महिन्यात तोच गेम एपिक नावाच्या ऑनलाईन दुकानाने कॉम्प्युटरवाल्यांना आठवडाभर फुकट वाटला. गेम तोच, गाड्या त्याच, उशिरा आलेल्याने शून्य रुपये दिले. कन्सोलवर इतकं फुकट नाही मिळत पण वर्ष-दीड वर्षाने बहुतेक गेम निम्म्याच्या खाली येतात, आणि त्याची डिस्क दुसऱ्याकडून घेतली तर आणखी खाली. दीड हजाराला घेतली, संपवली, हजाराला विकली, पाचशेत पंचवीस-तीस तास. म्हणून डिस्कवालाच कन्सोल बघायचा. बिनडिस्कवाला काही हजारांनी स्वस्त दिसतो पण मग गेम फक्त कंपनीच्या ऑनलाईन दुकानातून घ्यायचे, सेल लागेल तेव्हा, आणि एकदा घेतला की विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, तो तुमच्या खात्यातच म्हातारा होतो.

खुद्द कन्सोलच्या बाबतीत मात्र थांबण्याचा नियम यावेळी फसलाय, तेही सांगायला हवं, नाहीतर तुमचा नवरा मला पकडेल. पूर्वी कन्सोल जुना झाला की किंमत उतरायची. प्लेस्टेशन फाईव्ह २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० होता, २०२२ च्या अखेरीस तो ५४,९९० झाला. उतरायचा सोडून चढला. सणासुदीला कंपनी काही हजार कमी करते तेवढंच. त्यामुळे "नवा स्वस्त होईल, थांब" असं त्याला सांगू नका, तो हसेल. "जुना घे" हे सांगा. वापरलेला तीस-पस्तीस हजारांच्या आसपास मिळू शकतो, कारण बाकीच्या लोकांचेही पहिले दोन महिने संपलेले असतात ना. आपल्यासारखीच माणसं.

पण जुना घेताना डोळे उघडे ठेवून, आणि तुमच्या भागात तर जास्तच. मी काही वर्षांपूर्वी तुमच्याच बाजूच्या एका पोराकडून आधीचा प्लेस्टेशन फोर घेतला होता, चौदा हजारांना. त्याच्या घरी पाच मिनिटं चालवून बघितला, मस्त. घरी आणून लावला, अर्ध्या तासाने पंखा असा ओरडायला लागला की आई स्वयंपाकघरातून म्हणाली, पिठाची गिरण कोणी चालू केली. उघडला तर आतल्या धातूच्या पट्ट्यांमध्ये खाणीची लाल धूळ दाबून दाबून बसलेली, बोटाने ओढली तर नारळाच्या सोडणासारखी जाडजूड गादी निघून आली, हाताला ओली लागत होती, पावसाळ्याची दमट हवा आणि धूळ मिळून तिचा चिखलच झालेला. चिप थंड राहावी म्हणून लावलेली पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी. म्हापशातल्या एका रिपेअरवाल्याने आठशे रुपयांत साफ करून दिला, पण कंट्रोलरचं काय, फुटबॉल लावला की माझा डिफेंडर हात न लावता आपला आपण कॉर्नर फ्लॅगकडे चालत निघायचा. ह्याला ड्रिफ्ट म्हणतात, कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायची काडी असते तिच्या खालचा भाग घासून घासून झिजतो. तो झिजला की स्प्रे मारून महिनाभर बरा वाटतो आणि परत तेच.

तेव्हा बघायला जाल तेव्हा घाई करायची नाही. खरा गेम लावून अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, तोवर त्या घरच्यांचा चहा घ्या, पंखा कान देऊन ऐका. मेन्यूत जाऊन कंट्रोलर टेबलावर ठेवून द्या, काहीही हललं तर ड्रिफ्ट आहे. डिस्क दोन-तीनदा आत-बाहेर करून बघा, टीव्हीची वायर खोचतो ते तोंड ढिलं नाही ना बघा, स्क्रूंना गंज चढलाय का बघा, किनाऱ्याकडच्या घरातला असेल तर हटकून असतो. बिल मागा आणि बिलावरचा नंबर कन्सोलवरच्या नंबराशी जुळवा, नाहीतर कोणाचा तरी उचललेला माल घरात यायचा. आणि विकणाऱ्याने आपलं खातं तुमच्यासमोर काढून टाकलं पाहिजे.

पाऊस सुरू व्हायच्या अगोदर मे-जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि इंटरनेटची वायर जोडलेली असेल तर तीही. विजेचं म्हणाल तर त्याची काळजी करू नका, कन्सोल चालू असताना साधारण दोनशे वॅट खातो, पाच तासांना एक युनिट, महिन्याला चार-पाच युनिटं. तुमचा तो जुना गळका फ्रीज महिन्याला ह्याच्यापेक्षा कितीतरी जास्त खात असणार.

जुन्याचा हिशोब आता परत करतो. ३२ हजारांना घेतला, पाच वर्षांनी दहाला विकला तरी २२ गेले. वापरलेल्या डिस्का वर्षाला सहा, प्रत्येकी पाचशेचा फरक, तीन हजार, पाच वर्षांचे १५. दुसरा कंट्रोलर वापरलेला, तीन हजार. चाळीस हजार झाले. भागिले १,३००, तासाला तीस-एकतीस रुपये. शंभराचे तीस झाले, आणि नवऱ्याचा खेळ एक मिनिटानेही कमी झाला नाही. प्लसची वर्गणी मी यात धरलीच नाही, कारण घरात सोफ्यावर बसून मित्राबरोबर खेळायला ती लागत नाही, आणि फोर्टनाईटसारखे फुकट गेम ऑनलाईन खेळायलाही लागत नाही.

ईएमआय तर साफ नको. नो कॉस्ट म्हणतात, पण प्रोसेसिंग फी असते आणि बँकेच्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच खिशातून जातो. पैसा थोडा जातो हो, पण १३,५०० चा हप्ता असलेल्या घरात करमणुकीचा हप्ता जोडायचा, तोही अशा वस्तूचा जी दोन महिन्यांनी कपाटावर चढते, ते मला बरोबर वाटत नाही. तो जीटीए सिक्ससाठी घाई करत असेल तर त्याला आठवण करून द्या की ती तारीख आधी २०२५ होती, मग २६ मे २०२६ झाली, मग १९ नोव्हेंबर २०२६. ज्या गेमसाठी डबा घ्यायचा तो गेम आधी दुकानात येऊ दे, बाकी मग बघू.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्या नवऱ्यालाच बजावणार. आपण गोंयकार, फुटबॉल लावणारच, फिफा २२ ह्या गेमपासून त्यात आयएसएल, आपली भारतातली फुटबॉल लीग, आलं तेव्हा माझ्या मित्रांनी एफसी गोवा घेऊन रात्री जागवल्या. पण तोच गेम २०२३ पासून ईए एफसी नावाने येतो, तो दरवर्षी सप्टेंबरात नवा येतो आणि दरवर्षी लोक परत पैसे भरतात, फरक बहुतेक कुठला खेळाडू कुठल्या क्लबात गेला एवढाच. मागच्या वर्षीची डिस्क घ्या, काहीशे रुपयांत मिळून जाते. आणि त्यात अल्टिमेट टीम म्हणून भाग आहे तिथे पाय ठेवायचा नाही. पैसे भरून पॅक विकत घ्यायचे, आत कोण निघेल माहीत नाही, मेस्सी निघेल म्हणून फोडत बसायचं. बेल्जियमने २०१८ मध्ये ह्याला जुगार ठरवलं आणि तिथे कंपनीला ते विकणं बंद करावं लागलं. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली, पण ह्या पॅकमध्ये जिंकून पैसे मिळतच नाहीत, नुसते जातात, त्यामुळे ते चालूच आहे. पणजीला मांडवीत रात्री ती दिवे लावलेली जहाजं दिसतात ना, तिथे निदान माणूस आत शिरताना आपण कॅसिनोत शिरतोय हे तरी त्याला ठाऊक असतं.

घरात बऱ्यापैकी लॅपटॉप असेल तर कन्सोलच्या आधी तोच वापरून बघा. एपिकवर दर आठवड्याला एखादा गेम फुकट मिळतो, स्टीम ह्या तसल्याच दुसऱ्या ऑनलाईन दुकानात जूनअखेरीस आणि डिसेंबरात मोठे सेल लागतात, आणि तिथे गेम नाही आवडला तर चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. तीन महिने त्याच्यावर खरोखर आठवड्याला पाच तास झाले तर समजायचं माणूस कन्सोलला लायक आहे.

आता तुमचा प्रश्न, कंजूष का. नाही हो. फ्रीज पहिला. फ्रीज गळतोय, चवथीला घरात पंधरा माणसं येणार, नारळाचं दूध नासलं तर ५५ हजारांचा डबा काय नेवऱ्या तळून देणार आहे? बोनस येऊ दे, फ्रीज येऊ दे, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान येऊ दे. मोबाईलमधलं ते ६८७ ज्या महिन्यापासून बंद होईल त्या महिन्यापासून ते एका डब्यात टाका, त्यात तो स्वतःच्या खिशातले महिन्याला दोन हजार घालू दे, बरोबर एका वर्षात ३२ हजार होतात. त्यालाही कळेल आपल्याला खरोखर हवंय की नुसता पगाराच्या आधीचा सोस आहे. माझ्या दोन मित्रांचे असे डबे आठव्या महिन्यात फुटले आणि त्यातून एकाने स्कूटरचे टायर बदलले.

आणि घेतलाच, तर दुसरा कंट्रोलर तुमच्या हातात पाहिजे. हे मी गोड बोलायचं म्हणून नाही सांगत, हिशोबच आहे, दोघं खेळलात की तीस रुपयांचे माणशी पंधरा होतात, म्हणजे नवऱ्याने कागदावर लिहिलेला तो आकडा शेवटी खरा होईल! ओव्हरकुक्ड म्हणून एक गेम आहे, दोघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचं, एकाने चिरायचं, एकाने शिजवायचं, ताटं धुवायची, ऑर्डरी येतच राहतात आणि मध्येच काहीतरी पेटतं. चवथीच्या सकाळी आपल्या घरात जे चालतं ना, हुबेहूब ते. त्यात नवऱ्याला भात करपवताना बघाल तेव्हा मला कळवा.

हां, आणि त्याला एवढं सांगून ठेवा, जुना घेताना खोका आणि आतलं पॅकिंग मागून घे आणि माळ्यावर ठेव, उंदीर लागू देऊ नको. विकताना खोक्यासकट दिला की हजारभर जास्त येतात.